घड्याळाजवळची चिन्हे

वार्षिक अंकासाठी लेख देण्याची सूचना फलकावर लागली तेव्हा आमच्या वर्गातील बहुतेकांनी कविता दिल्या. मला कविता जमत नाही. मराठीच्या सरांना तसे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग तुला जे ठाऊक आहे ते लिही. चार जणांच्या उपयोगी पडेल असे लिही." मला ठाऊक असलेल्या गोष्टी फार नाहीत. परंतु एका अगदी लहान गोष्टीविषयी, चूक करून का होईना, मी बरेच काही शिकले आहे. ती गोष्ट म्हणजे संगणकाच्या पडद्यावर उजवीकडे खाली, घड्याळाला खेटून बसलेली बारीक बारीक चिन्हे आणि ती लपविण्याची सोय.

आपल्या ग्रंथालयातला किंवा कार्यालयातला कोणताही संगणक पाहा. तळाशी जी आडवी पट्टी असते तिला टास्कबार म्हणतात. तिच्या उजव्या टोकाला वेळ आणि तारीख असते. त्याच्या अलीकडे आवाजाचे कर्ण्यासारखे चिन्ह, इंटरनेटचे चिन्ह, विषाणूंपासून राखण करणाऱ्या प्रोग्रामचे चिन्ह, प्रिंटरचे चिन्ह, अशी एक रांग असते. आपण समोर पत्र टंकलिखित करीत असतो किंवा एखादा तक्ता भरीत असतो, त्याच वेळी हे प्रोग्राम पाठीमागे आपापले काम करीत असतात. त्यांना पडद्यावर स्वतःची खिडकी नसते, आणि दिवसभर तिची गरजही नसते. आपण हजर आहोत हे सांगण्यापुरते तेवढे एक चिन्ह त्यांनी कोपऱ्यात ठेवलेले असते.

पुष्कळांना ही रांग डोळ्यांत खुपते. ती आटोपशीर करावी असे वाटते. वाटण्यात काही गैर नाही. मलाही एकदा ती आटोपशीर करावी लागली होती.

गेल्या वर्षी, म्हणजे प्रथम वर्षाला असताना, मी तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोरच्या एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात दुपारी तीन ते सात बसत असे. अजूनही बसते. प्रवेशाचा आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांचा हंगाम असला की तेथे मान वर करायला फुरसत नसते. हंगाम सरला की मात्र तासभर कोणी फिरकत नाही. त्या मोकळ्या वेळात मी इतिहासाची टिपणे दुकानाच्या संगणकावर टंकलिखित करीत असे. ती टिपणे घरी जाताना मोबाईलवर वाचता यावीत म्हणून मी त्या संगणकावर एक प्रोग्राम बसविला. संगणकातील फाइली इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात आपोआप पोचविण्याचे काम तो करतो. तेथून त्या मोबाईलवर दिसतात. बसविताना त्याने चार-पाच प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नाला मी 'होय' दाबत गेले. त्यांतल्या एका प्रश्नात, पडद्यावरच्या म्हणजे डेस्कटॉपवरच्या सर्व फाइलीही सांभाळू का, असे विचारले होते. ते मी वाचलेच नव्हते.

प्रोग्राम बसला आणि घड्याळाजवळ त्याचे चिन्ह आले. काही काम चालू असले की त्या चिन्हावर दोन बाण गोल फिरत. दोन दिवसांनी दुकानाचे मालक (त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो) वैतागून म्हणाले, "अगं, ते कोपऱ्यात काय फिरतंय ते काढून टाक बाई. गिऱ्हाईक विचारतंय, मशीन बिघडलंय का म्हणून."

मी ते चिन्ह माऊसने धरले, शेजारच्या वर तोंड केलेल्या लहान बाणावर नेले आणि सोडले. चिन्ह दिसेनासे झाले.

"गेलं का?"

"गेलं, काका."

माझी खरोखरच तशी समजूत होती. ती चुकीची का होती हे कळण्यासाठी ते चिन्ह म्हणजे नेमके काय हे आधी पाहिले पाहिजे.

१९९२ सालच्या विंडोज ३.१ मध्ये टास्कबार नव्हता. एखादा प्रोग्राम लहान करून बाजूला ठेवला की त्याचे चिन्ह पडद्याच्या तळाशी मोकळ्या जागेत येऊन पडे आणि दुसरी खिडकी उघडली की तिच्याखाली झाकले जाई. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आले, तेव्हा तळाशी कायमची पट्टी आली आणि तिच्या टोकाला घड्याळासह ही जागा आली. मायक्रोसॉफ्टने तिचे नाव 'नोटिफिकेशन एरिया', म्हणजे सूचनांची जागा असे ठेवले. लोक मात्र तिला 'सिस्टिम ट्रे' म्हणू लागले. हे नाव चूक आहे असे कंपनीतील जाणते लोक वर्षानुवर्षे सांगत राहिले. पण आज विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये खुद्द कंपनीनेच 'सिस्टिम ट्रे' असे छापले आहे. भाषेच्या बाबतीत शेवटी लोकांचेच चालते, हे भाषाशास्त्राच्या तासाला शिकलेले येथे असे अचानक भेटले.

नेहमीच्या पडद्यावर हे चिन्ह सोळा ठिपके रुंद व सोळा ठिपके उंच, म्हणजे अवघे २५६ ठिपक्यांचे असते. परंतु जागा मिळाली की गर्दी व्हायचीच. प्रत्येक प्रोग्राम आपले चिन्ह आणून लावू लागला. म्हणून २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये, बराच काळ वापर न झालेली चिन्हे आपोआप बाणाआड टाकण्याची सोय झाली. २००९ च्या विंडोज ७ पासून तर नियमच उलटा झाला. नवीन आलेले चिन्ह आधी बाणाआडच जाते, ते बाहेर हवे असेल तर आपण बाहेर काढायचे. मला यात एक गोष्ट फार आवडली. चिन्ह बाहेर ठेवायचे की आत हे ठरविण्याचा अधिकार मायक्रोसॉफ्टने वापरणाऱ्याकडे ठेवला आहे. 'मला कायम दर्शनी ठेवा' असे स्वतःहून ठरविण्याची वाट प्रोग्रामला मुद्दामच दिलेली नाही. कारण उघड आहे. प्रत्येक प्रोग्राम स्वतःला सर्वांत महत्त्वाचा समजतो.

आता हे चिन्ह काढतो कोण? मला वाटे, प्रोग्रामच काढत असेल. तसे नाही. टास्कबार हा स्वतः एका निराळ्या प्रोग्रामच्या ताब्यात असतो. त्याचे नाव एक्सप्लोरर. पाठीमागे चालणारा प्रोग्राम एक्सप्लोररला एवढेच कळवितो की, 'हे माझे चित्र, हे माझे नाव, आणि यावर कोणी टिचकी मारली तर मला या पत्त्यावर सांग.' चित्र लावणे, हलविणे, झाकणे ही सर्व कामे एक्सप्लोररची.

काही महाविद्यालयांत प्राध्यापक-कक्षाबाहेर लाकडी फळा असतो. त्यावर प्राध्यापकांची नावे आणि प्रत्येक नावापुढे 'आहेत' किंवा 'नाहीत' अशी सरकती पट्टी. सर आले की शिपाईमामा पट्टी सरकवतात. चिन्हाचे नाते प्रोग्रामशी तेवढेच आहे, जेवढे त्या पट्टीचे सरांशी. सर मागच्या फाटकाने न सांगता निघून गेले तर पट्टीवर 'आहेत' तसेच राहते. आणि फळा रंगवायला उतरवून नेला म्हणून सर काही अदृश्य होत नाहीत. त्यांचे तास चालूच असतात.

संगणकावर हे दोन्ही प्रकार खरोखर घडतात. एखादा प्रोग्राम मध्येच कोसळला किंवा सक्तीने बंद केला, तर निरोप द्यायला तो उरतच नाही. चिन्ह तसेच राहते. माऊसचा बाण त्याच्यावरून फिरवला की मग एक्सप्लोररच्या ध्यानात येते आणि ते चिन्ह फट्कन नाहीसे होते. आमच्या दुकानात पाहुण्यांना दाखवावी अशी ही गंमत आहे. उलट बाजूने, कधी कधी एक्सप्लोररच कोसळतो आणि पुन्हा सुरू होतो. त्या क्षणी तो सर्वांना दवंडी दिल्यासारखे कळवितो की पट्टी नव्याने मांडली आहे. ज्या प्रोग्रामना ती दवंडी ऐकण्याची सवय लावलेली असते ते आपले चिन्ह पुन्हा आणून लावतात. ज्यांना नसते ते चिन्हावाचून मुकाट्याने काम करीत राहतात. म्हणजे प्रोग्राम नसताना चिन्ह असू शकते आणि चिन्ह नसताना प्रोग्राम असू शकतो.

तेव्हा लपविणे म्हणजे फळ्यावरची पट्टी झाकणे. लपवायचेच असेल तर कृती सोपी आहे. विंडोज १० वर टास्कबारच्या मोकळ्या जागेवर माऊसची उजवी कळ दाबून 'टास्कबार सेटिंग्ज' उघडावे. तेथे 'सिलेक्ट व्हिच आयकॉन्स अपिअर ऑन द टास्कबार' अशी ओळ आहे. ती उघडली की प्रोग्रामची यादी आणि प्रत्येकापुढे खटका दिसतो. खटका चालू म्हणजे चिन्ह घड्याळाशेजारी, बंद म्हणजे बाणाआड. या विंडोज १० ला मिळणारा कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पण पुष्कळ ठिकाणचे संगणक अजून त्यावरच चालतात, म्हणून त्याची कृती आधी दिली. विंडोज ११ वर त्याच 'टास्कबार सेटिंग्ज'मध्ये 'अदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स' हा भाग आहे. खटके तसेच. माऊसने ओढून बाणावर नेऊन सोडणे हा मी केलेला उपाय त्याचाच आखूड रस्ता.

विंडोज ११ मध्ये याच भागात आणखी एक खटका आहे. त्याचे नाव 'हिडन आयकॉन मेन्यू'. तो बंद केला की तो बाणच नाहीसा होतो. मग आत टाकलेली चिन्हे पाहायला दारच उरत नाही. सार्वजनिक वापराच्या संगणकावर हा खटका बंद दिसला तर तो चालू करून आत काय आहे हे अवश्य पाहावे, असे माझे मत आहे. त्याला कोणी आगाऊपणा म्हटले तरी चालेल.

मॅक जातीच्या संगणकावर ही रांग तळाशी नसून पडद्याच्या माथ्यावर उजवीकडे असते. तेथे आवाज, इंटरनेट वगैरे संगणकाची स्वतःची काही चिन्हे कमांड कळ दाबून धरून माऊसने पट्टीबाहेर ओढता येतात. मॅकवर आणखी एक प्रकार आहे. प्रोग्राम बनविणाराच त्याच्या माहितीपत्रकात एक ओळ लिहून ठेवू शकतो, की हा प्रोग्राम चालू असला तरी खालच्या डॉक नावाच्या पट्टीत त्याचे चिन्ह येऊ नये. तत्त्व तेच. दिसणे वेगळे आणि चालणे वेगळे.

आता दुकानातली हकीकत पुढे सांगते. चिन्ह 'घालवल्या'ला बारा दिवस झाले होते. संध्याकाळच्या एसटीने घरी जात होते. दुसऱ्या दिवशी चाचणी होती म्हणून मोबाईलवर टिपणे उघडली. टिपणांच्या खाली मला ओळखीचे नसलेले कागद दिसू लागले. कोणाचे रेशनकार्ड. कोणाचा सातबारा. बँकेच्या पासबुकाचे पहिले पान. उत्पन्नाचे दाखले. आणि सर्वांत वर एका म्हाताऱ्या बाईंचे आधारकार्ड. त्या दुपारीच येऊन गेल्या होत्या. निराधार योजनेसाठी कागद हवे होते. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले ते कार्ड त्यांनी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिले होते आणि म्हणाल्या होत्या, "बाय, जपून गं. एकच हाय."

दुकानात स्कॅन केलेला प्रत्येक कागद डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये पडतो. त्या फोल्डरवरून तो माझ्या खात्यात, आणि खात्यातून माझ्या खिशात. बारा दिवस. मी मोजले तेव्हा दोनशे चौदा फाइली भरल्या. एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या बाई माझ्या मोबाईलकडे सहज पाहत होत्या. मी तो घाईने उलटा धरला.

राज्यशास्त्राच्या तासाला आम्हांला शिकविले आहे की, २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. पुट्टस्वामी खटला. मी तो पाठही केला होता. परीक्षेत पाच गुणांना येतो म्हणून केला होता. त्या एसटीत मला प्रथमच कळले की तो अधिकार भंग करणारा नेहमी कोणी मोठा माणूस किंवा सरकारच असते असे नाही.

दुसऱ्या दिवशी तास बुडवून सकाळीच दुकानात गेले आणि काकांना सर्व सांगितले. ते आधी हसले. "मग त्यात काय झालं? तू काय ते विकणार आहेस का?" मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. ते एक एक कागद सरकवीत गेले. त्यांत त्यांच्या मेहुण्याच्या कर्जाचे कागदही निघाले. मग ते हसले नाहीत.

आवरताना जे कळले ते येथे नीट सांगते, कारण बहुतेकांची गल्लत येथेच होते. चिन्ह लपविणे, प्रोग्राम बंद करणे, तो पुन्हा सुरू होऊ न देणे आणि तो काढून टाकणे ही चार निरनिराळी कामे आहेत. एक केले म्हणजे दुसरे होत नाही.

बंद करण्यासाठी चिन्हावर उजवी कळ दाबावी. उघडलेल्या यादीत बहुधा शेवटी 'क्विट' किंवा 'एक्झिट' असा शब्द असतो, तो निवडावा. खिडकीच्या कोपऱ्यातील फुलीवर विसंबू नये. पाठीमागे चालणाऱ्या अनेक प्रोग्रामच्या बाबतीत ती फुली फक्त खिडकी मिटते आणि प्रोग्राम घड्याळाशेजारी जाऊन बसतो. खरोखर बंद झाला की नाही हे पाहायचे तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात चालू असलेल्या सर्व प्रोग्रामची यादी असते. खिडकी असलेले वर आणि पाठीमागचे त्यांच्या खाली. ही यादी पहिल्यांदा पाहणारा माणूस घाबरतो. शे-सव्वाशे नावे सहज असतात. त्यांतली बहुतेक विंडोजचीच असून निरुपद्रवी असतात. जे नाव ओळखीचे नाही ते लगेच बंद करण्याची घाई करू नये, नाहीतर संगणकच आडवा पडतो. हाही धडा मी दुकानातच घेतला आहे.

बंद केलेला प्रोग्राम उद्या सकाळी संगणक लावताच पुन्हा उठून बसतो, कारण त्याचे नाव सकाळच्या हजेरीपटावर असते. ते काढायचे तर त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' नावाचा भाग आहे. तेथे नावावर उजवी कळ दाबून 'डिसेबल' निवडावे. आणि प्रोग्राम मुळातच नको असेल तर सेटिंग्जमधील 'अॅप्स' या भागातून तो काढून टाकावा, म्हणजे 'अनइन्स्टॉल' करावा.

माझ्या प्रकारात क्रमही महत्त्वाचा ठरला. मी घाईघाईने मोबाईलवरून त्या फाइली पुसायला निघाले होते. काकांच्या मुलाने अडविले. दोन्हीकडच्या फाइली एकसारख्या ठेवणे हेच त्या प्रोग्रामचे काम असल्याने, तो चालू असताना मी इकडे पुसले असते तर तिकडे दुकानातल्याही पुसल्या गेल्या असत्या. म्हणून आधी दुकानाच्या फाइलींची निराळी प्रत काढली. मग प्रोग्राममधून माझे खाते तोडले, प्रोग्राम काढून टाकला आणि शेवटी खात्यातल्या फाइली पुसल्या. पुसलेल्या फाइली खात्याच्या कचराकुंडीत काही दिवस पडून असतात, तीही रिकामी केली. हे सर्व होईतो दुपारचा एक वाजला. टिपणेही त्यात गेली, पण चाचणी त्याआधीच हुकली होती.

दर्शनी खूण नसलेले हे पाठीमागचे सेवक संगणकाच्या जगात नवे नाहीत. १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रोजेक्ट मॅक नावाच्या प्रकल्पावर काम करणाऱ्या मंडळींनी अशा प्रोग्रामना 'डीमन' हे नाव दिले. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात एका काल्पनिक प्राण्याची कल्पना मांडली होती. दोन खोल्यांमधल्या झरोक्याशी बसून तो वायूचे वेगवान आणि मंद कण न थकता वेगळे करीत असतो. त्याच्यावरून हे नाव आले. यात भुताखेताचा संबंध नाही. कोणी न सांगता, न दिसता, सतत काम करणारा एवढाच अर्थ. संदेश आणून देणे, छपाईची रांग लावणे, घड्याळ बरोबर ठेवणे ही कामे असे प्रोग्रामच करतात आणि ते दिसत नाहीत हे आपल्या सोयीचेच आहे. त्या प्रत्येकाने चिन्ह लावले असते तर पट्टीवर घड्याळाला जागा राहिली नसती. म्हणून लपविण्यालाच माझा विरोध आहे असे कोणी समजू नये.

प्रश्न येतो तो कोणी कोणापासून लपविले हा. मी चिन्ह लपविले ते गिऱ्हाइकाच्या नजरेपासून, पण त्याच गिऱ्हाइकाचा कागद त्या चिन्हाआड जात होता. याच्या पुढची पायरी म्हणजे चिन्हच न लावणारा आणि यादीतही न सापडणारा प्रोग्राम. २००५ साली सोनी बीएमजी या कंपनीने गाण्यांच्या काही सीडींमध्ये असा प्रोग्राम घातला होता. नक्कल रोखावी हा हेतू. सीडी संगणकात घातली की तो बसे आणि विशिष्ट अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक फाइल आणि चालू प्रोग्राम विंडोजच्या नजरेआड करी. त्यामुळे टास्क मॅनेजरलाही तो दिसत नसे. मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाला तो स्वतःच्याच संगणकात सापडला आणि ३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्याने हे जाहीर केले. पुढे त्या आडोशाचा फायदा दुसऱ्या घातक प्रोग्रामनी घेतला, आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. आजही दुसऱ्याच्या पाळतीसाठी मुद्दाम बनविलेल्या प्रोग्रामांची पहिली खूण हीच असते की ते चिन्ह लावत नाहीत.

बनविणाऱ्यांनीही यातून काही धडा घेतलेला दिसतो. २०१९ पासून विंडोज १० मध्ये एखादा प्रोग्राम मायक्रोफोन वापरू लागला की घड्याळाशेजारी मायक्रोफोनचे चिन्ह आपोआप येते. मॅकवर २०२१ पासून अशा वेळी माथ्यावर नारिंगी ठिपका उमटतो. ही चिन्हे तो तो प्रोग्राम लावत नाही, संगणकाची मूळ प्रणालीच लावते. प्रोग्रामच्या मर्जीवर सोडू नयेत अशाही काही खुणा असतात हे त्यांनी मान्य केले, असा त्याचा अर्थ मी घेते.

प्राध्यापकांसाठी एक व्यावहारिक गोष्ट मध्येच सांगून टाकते. सभागृहात मोठ्या पडद्यावर व्याख्यान दाखविण्यापूर्वी पुष्कळ जण चिन्हे लपवितात आणि निश्चिंत होतात. पण चिन्ह लपविल्याने त्या प्रोग्रामच्या सूचनांच्या चौकटी थांबत नाहीत. ऐन व्याख्यानात घरचा निरोप भिंतीवर पाच फूट रुंद उमटतो. त्यासाठी सूचनाच थांबवाव्या लागतात. विंडोज ११ मध्ये घड्याळावर टिचकी मारली की सूचनांच्या चौकटीत घंटेचे चिन्ह दिसते. ते दाबले की 'डू नॉट डिस्टर्ब' लागू होते. व्याख्यान संपल्यावर ते पुन्हा काढायला विसरू नये.

त्या म्हाताऱ्या बाई पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या. अर्जात काही त्रुटी निघाली होती. मी त्यांना सांगावे की नाही याचा विचार करीत राहिले. शेवटी सांगितले की, "आजी, तुमच्या कार्डाचा फोटो चुकून माझ्या फोनवर आला होता, मी पुसून टाकला." त्यांना त्यातले किती कळले ठाऊक नाही. त्यांनी पिशवीतून कार्ड काढून पुन्हा माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "आता नीट काढ."

तेव्हापासून दुकान बंद करताना मी त्या बाणावर टिचकी मारून आत कोण कोण आहे ते पाहते, आणि त्या दिवशी स्कॅन झालेले कागद पुसते. पहिल्याच संध्याकाळी काकांना बाण उघडून दाखविला तेव्हा आत पाच चिन्हे होती. चार ओळखीची निघाली. पाचवे कशाचे ते काकांनाही आठवेना. टिचकी मारून पाहिले तर ते एका प्रिंटरचे होते. तो प्रिंटर दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेला होता. त्याचा प्रोग्राम मात्र रोज सकाळी दुकान उघडले की उठत होता आणि संध्याकाळपर्यंत त्याला शोधीत होता.